पावडरीने धरलेले थेंब आणि त्यांतली एन्झाइम्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या वेर्णा आणि कुंडईच्या कारखान्यांतली प्रोसेस केमिस्ट मंडळी, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलं आणि अधूनमधून नुसत्या कुतूहलाने विचारणारे शेजारी, यांनी गेल्या काही वर्षांत मला विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी आधी औषधांच्या कारखान्यात आणि नंतर कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम केलं, त्यामुळे उत्तरांना दोन्हीकडचा वास येईल. एन्झाइम म्हणजे सजीवांतली रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन. शालेय पुस्तकांत त्याला ‘विकर’ म्हणतात. मी बोलताना म्हणते तसं एन्झाइमच लिहिलं आहे.

पिकरिंग इमल्शन म्हणजे नेमकं काय?

तेल आणि पाणी एकत्र हलवलं की थोडा वेळ एकात दुसऱ्याचे थेंब दिसतात (हेच इमल्शन), मग दोन थर वेगळे होतात. थेंब टिकवायला आपण साबणासारखं काहीतरी घालतो. साबणाऐवजी अतिशय बारीक घन पावडर वापरली, आणि तिचे कण थेंबाच्या पृष्ठभागावर जाऊन बसले, तर थेंब एकमेकांत मिसळू शकत नाहीत. खडीचा थर दिलेल्या फुग्यासारखी त्यांची अवस्था होते. अशा इमल्शनला पिकरिंग इमल्शन म्हणतात. कण सहसा दहा नॅनोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंतचे असतात, थेंब त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठे.

हा पिकरिंग कोण? आणि त्याला एन्झाइम्सशी काय देणंघेणं?

काहीच नाही! पर्सिव्हल स्पेन्सर पिकरिंग इंग्लंडमध्ये वोबर्नच्या फळबागेत प्रयोग करत होता. झाडांवरच्या किडींसाठी पॅराफिन तेल पाण्यात मिसळून फवारायचं होतं, पण साबण वापरला की अडचणी यायच्या. मोरचूद आणि चुन्यापासून मिळणाऱ्या तांब्याच्या बारीक साक्याने तेलाचे थेंब छान टिकतात असं त्याला दिसलं. १९०७ साली त्याने ते छापलं. त्याच्याआधी, १९०३ मध्ये, वॉल्टर रॅम्सडेननेही घन कणांचा असा थर पाहिला होता. नाव मात्र पिकरिंगचं लागलं.

फोंडा तालुक्यात ज्यांची कुळागरं (पोफळी-नारळाच्या बागा) आहेत त्यांना हे ऐकून गंमत वाटते, कारण पावसाआधी पोफळींवर कोळेरोगासाठी फवारतात ते बोर्डो मिश्रण म्हणजे हीच मोरचूद-चुन्याची जोडी. त्यात थोडं तेल पडलं तर पिकरिंगचा प्रयोग आपोआप होईल.

आणखी एक योगायोग. यीस्टच्या पेशी चिरडून मिळालेल्या रसानेही आंबवण होतं, म्हणजे जिवंत पेशीची गरज नाही, हे दाखवणाऱ्या एडवर्ड बुखनरला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेही १९०७ सालीच. दोन्ही वाटा एकत्र यायला पुढे जवळपास शंभर वर्षं लागली.

मग सोलकढी हे पिकरिंग इमल्शन आहे का?

नाही. नारळाच्या रसातले तेलाचे थेंब मुख्यतः नारळाच्या प्रथिनांनी धरलेले असतात, कणांनी नव्हे. सोलांचा आंबटपणा पडला की ही प्रथिनं आपला विद्युतभार गमावतात आणि गोळा होऊ लागतात. म्हणून सोलकढी ठेवून दिली की वर साय आणि खाली गुलाबी पाणी दिसतं.

गोव्यातलं जवळचं उदाहरण हवं असेल तर किनाऱ्यावर जा. पावसाळ्याच्या तोंडावर लाटांबरोबर जे डांबराचे गोळे येतात, ते समुद्रात सांडलेल्या कच्च्या तेलाचं उरलेलं रूप. असं तेल लाटांत घुसळून पाणी पोटात घेतं आणि चॉकलेटच्या फेसासारखं घट्ट होतं. त्यातले पाण्याचे थेंब अॅस्फाल्टीन (कच्च्या तेलातला जड डांबरी भाग) आणि मेणाच्या बारीक कणांनी धरलेले असतात, म्हणूनच ते साफ करणं इतकं कठीण जातं.

पावडर थेंबाला इतकी घट्ट का चिकटते? साबण तर सुटतो.

तेल आणि पाणी जिथे भेटतात त्या सीमेला ताण असतो, आणि निसर्ग ती सीमा कमी करायला टपलेला असतो. कण सीमेवर बसला की तेवढी वर्तुळाकार जागा झाकली जाते. तो काढायचा तर तेवढी सीमा पुन्हा उघडी करावी लागते, आणि त्याला ऊर्जा लागते. ही ऊर्जा कणाच्या त्रिज्येच्या वर्गाने वाढते.

आकडा बघा. दहा नॅनोमीटर त्रिज्येचा कण, तेल-पाणी सीमेचा ताण मीटरला ५० मिलिन्यूटन, आणि कण दोघांत अर्धा-अर्धा बुडालेला (कण पाण्याने किती भिजतो हे सांगणारा स्पर्शकोन ९० अंश). त्याला उपटायला लागणारी ऊर्जा खोलीच्या तापमानाला रेणूंना मिळणाऱ्या उष्णतेच्या ऊर्जेच्या सुमारे ३,८०० पट येते. साबणाच्या एका रेणूसाठी हा आकडा फार तर काही दहाच्या घरात. म्हणून साबण सीमेवर येत-जात राहतो आणि कण बसला की बसला.

पण तोच कण पाण्याचा जास्त लाडका असेल, स्पर्शकोन ३० अंश असेल, तर तो आकडा ३,८०० वरून ७० च्या खाली येतो. कोनात असा फरक पडला की सगळा खेळ बदलतो. या विषयातली निम्मी रड या एका कोनाची आहे, आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांत तो पुन्हा भेटेल.

एन्झाइमला या सगळ्याचा फायदा काय?

एन्झाइमला पाणी हवं, आणि सेंद्रिय संश्लेषणातले बहुतेक रेणू तेलात विरघळतात. मग फ्लास्कमध्ये खाली पाण्यात एन्झाइम, वर तेलात कच्चा माल, आणि दोघांची गाठ फक्त मधल्या सपाट सीमेवर.

समजा ५० मिलि पाणी आणि ५० मिलि हेप्टेन (इथे ‘तेल’ म्हणून वापरलेलं सॉल्व्हंट) पाच सेंटिमीटर रुंदीच्या भांड्यात आहे. सीमा साधारण २० चौरस सेंटिमीटर. तेच पाणी ५० मायक्रोमीटर व्यासाच्या थेंबांत विभागलं तर सीमा सहा चौरस मीटर होते, म्हणजे तीन हजार पट. वाटीभर द्रवांना छोट्या स्वयंपाकघराएवढी जमीन मिळाली. शिवाय प्रत्येक थेंबात एन्झाइम आपल्या पाण्यात सुखी असतं, कच्चा माल बाहेरून आत येतो, तयार झालेला माल बाहेर तेलात जातो.

जोरात ढवळूनही थेंब होतात, ते खरं. पण ढवळणं थांबलं, वीज गेली, की दोन मिनिटांत पुन्हा दोन थर. पावडरीने धरलेले थेंब रात्रभर तसेच राहतात.

आमच्या रिअॅक्शनला हे लागू पडेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात उशिरा विचारला जातो. लोक आधी सिलिका (वाळूच्याच द्रव्याची बारीक पावडर) मागवतात.

आधी एकच गोष्ट तपासा: तुमची रिअॅक्शन सीमेच्या क्षेत्रफळासाठी अडली आहे, की एन्झाइमच संथ आहे? साध्या दोन थरांच्या फ्लास्कमध्ये ढवळण्याचा वेग दुप्पट करा. वेग वाढल्यावर रिअॅक्शनही वाढली तर तुम्ही सीमेसाठी अडलात, आणि पिकरिंग तुमच्या कामाचं. वेग वाढवूनही काही फरक नाही, पण एन्झाइम दुप्पट केल्यावर फरक पडला, तर कितीही सुंदर थेंब करा, हाती काही येणार नाही. अशा वेळी चांगलं एन्झाइम शोधा किंवा बनवून घ्या. हा प्रयोग एका दुपारचा आहे. तो न करता सहा महिने घालवलेले प्रबंध मी वाचले आहेत.

दुसरी बाजू. नुसतं एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जुळून होणारं संयुग) बनवायचं असेल, आणि लायपेज (तेल-चरबी तोडणारं एन्झाइम) कोरड्या सॉल्व्हंटमध्ये काम करत असेल, तर अॅक्रिलिक रेझिनच्या मण्यांवर बसवलेलं लायपेज विकत मिळतं. ते वापरा, पाणी व्हॅक्यूमने काढत रहा, काम संपलं. अलेक्झांडर क्लिबानोव्ह आणि अलेक्सी झॅक्स यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं की लायपेज जवळजवळ कोरड्या सॉल्व्हंटमध्ये १०० अंशालाही टिकतं. पिकरिंगची खरी गरज पाण्यावाचून जगू न शकणाऱ्या एन्झाइम्सना आहे: अल्कोहोल डिहायड्रोजनेज, लायेज, ट्रान्समिनेज, आणि दोन-तीन एन्झाइम्स एकामागून एक काम करणार असतील तेव्हा.

थेंब कशाचे असतात, तेलाचे की पाण्याचे?

पावडर ठरवते. जलस्नेही पावडर तेलाचे थेंब पाण्यात करते, जलद्वेषी पावडर पाण्याचे थेंब तेलात. हा नियम १९२३ पासून फिंकलच्या नावाने ओळखला जातो. एन्झाइमसाठी आपल्याला जवळजवळ नेहमी दुसरा प्रकार हवा, म्हणजे किंचित जलद्वेषी पावडर. किंचितच. फार जलद्वेषी केली तर ती तेलातच विरून जाते, सीमेवर बसत नाही.

कोणता प्रकार झाला हे ओळखायला यंत्र लागत नाही. इमल्शनचा थेंब पाण्यात टाका आणि दुसरा हेप्टेनमध्ये. जिथे सहज पसरेल तो बाहेरचा द्रव.

कोणती पावडर घ्यावी?

सुरुवातीला सिलिकाच. फ्यूम्ड सिलिका (ज्वालेत बनवलेली अतिशय हलकी सिलिका) सहज मिळते, जलद्वेषी केलेलीही मिळते. स्वतः करायची असेल तर सिलिका टोल्यूइनमध्ये घेऊन तिच्यावर सायलेन (कणांना जलद्वेषी करणारं सिलिकॉनचं संयुग) बसवतात. कागदावर हे तीन ओळींचं काम आहे, पण गोव्यात नाही.

माझाच अनुभव सांगते. मार्चमध्ये केलेली पावडर उत्तम निघाली. पाण्याचे थेंब तेलात, एन्झाइम जोरात. जूनमध्ये तीच पाककृती, तीच बाटली, तोच मुलगा, आणि इमल्शन उलटं झालं, तेलाचे थेंब पाण्यात. आम्ही तीन आठवडे एन्झाइमला दोष देत बसलो, नवीन बॅच मागवली, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) बदललं. दोष हवेतल्या ओलाव्याचा होता. सिलिका पाणी पिऊन बसली होती, सायलेन सिलिकाला चिकटण्याऐवजी त्या पाण्याशी आणि आपापसांत जुळत होतं, आणि पावडर हवी तेवढी जलद्वेषी होत नव्हती. तेव्हापासून सिलिका आदल्या रात्री व्हॅक्यूममध्ये १२० अंशाला वाळवायची, सायलेनची बाटली नायट्रोजनखाली उघडायची, आणि शक्य तेवढं काम पावसाआधी उरकायचं, हा आमचा नियम आहे. चतुर्थीपर्यंत पुरेल एवढी पावडर मे महिन्यातच करून ठेवायची, जसं घरी आमसुलं वाळवून बरण्या भरून ठेवतात.

प्रत्येक बॅच तपासायची सोपी युक्ती: पाण्यात थोडं-थोडं मेथॅनॉल वाढवत जाणारी मिश्रणं करा, प्रत्येकीवर चिमूटभर पावडर टाका. कुठल्या मिश्रणात ती बुडायला लागते तो आकडा लिहून ठेवा. जास्त मेथॅनॉल लागलं म्हणजे पावडर जास्त जलद्वेषी. स्पर्शकोन मोजायच्या महागड्या यंत्रापेक्षा मी या आकड्यावर जास्त विश्वास ठेवते, कारण पावडरीवर तो कोन नीट मोजताच येत नाही.

किती पावडर लागते?

हिशोब करता येतो. १०० नॅनोमीटर व्यासाचे सिलिकाचे गोल कण एकाला एक लागून बसले तर एका चौरस मीटरला साधारण ०.१२ ग्रॅम लागतात. वरच्या उदाहरणातल्या सहा चौरस मीटरला म्हणजे सुमारे पाऊण ग्रॅम. प्रत्यक्षात कण गुठळ्या करून बसतात, म्हणून दीडपट-दुप्पट घ्या. कमी घेतली तर इमल्शन होत नाही असं नाही, थेंब एकमेकांत मिसळून मोठे होत जातात आणि जेवढ्या सीमेला पावडर पुरेल तिथे थांबतात. म्हणजे थेंबांचा आकार पावडरीच्या वजनाने ठरवता येतो, ही या पद्धतीची फार सोयीची गोष्ट आहे.

थेंबाभोवती भिंत झाली, मग रेणू आत-बाहेर कसे जातात?

गोल कण कितीही दाटीने बसले तरी तीन कणांमध्ये फट राहतेच. १०० नॅनोमीटरच्या कणांत ती फट साधारण पंधरा नॅनोमीटर रुंद असते. आपला कच्चा माल एक नॅनोमीटरच्या आसपास, त्याला हा महामार्ग आहे. एन्झाइम पाच नॅनोमीटरच्या घरातलं, तेही आकाराने मावेल, पण पलीकडे तेल आहे आणि तिथे जायची त्याची तयारी नसते. फट लहान म्हणून ते आत राहतं असं नव्हे, बाहेर त्याला रुचत नाही म्हणून राहतं. परीक्षेत मुलं हे नेमकं उलटं लिहितात.

थेंबात सगळं पाणीच आहे, तरी लायपेज एस्टर कसं बनवतं? उलट तोडायला हवं.

नेहमीचा प्रयोग हेक्झॅनॉल आणि हेक्झॅनोइक आम्लाचा असतो. दोघांपासून हेक्झिल हेक्झॅनोएट आणि पाणी बनतं. शुद्ध पाण्यात तोल एस्टर तुटण्याकडे असतो. पण इथे तयार झालेलं एस्टर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, झाल्या झाल्या तेलात पळतं. एन्झाइमच्या वाट्याला ते तोडायला उरतच नाही. तेलातल्या माणसाच्या नजरेने पाहिलं तर पाणी बाजूला थेंबांत कोंडलेलं आहे. पाण्याचं प्रमाण जेवढं कमी आणि एस्टर जेवढं तेलाकडे झुकणारं, तेवढा तोल आपल्या बाजूने.

लहान आम्ल आणि लहान अल्कोहोल घेतलं, जसं अॅसिटिक आम्ल आणि इथेनॉल, तर ही चाल चालत नाही. ती दोन्ही पाण्यातच रमतात, आणि एस्टरही बऱ्यापैकी विरघळतं.

सगळीकडे लायपेजच का दिसतं?

स्वस्त, दणकट, आणि स्वभावाने सीमेवर राहणारं म्हणून. १९५८ मध्ये सार्दा आणि देन्युएल यांनी दाखवलं की स्वादुपिंडाचं लायपेज विरघळलेल्या एस्टरवर सुस्त असतं आणि एस्टरचे थेंब होताच एकदम जागं होतं. बऱ्याच लायपेजना एक झाकण असतं आणि ते तेलाच्या सीमेवर उघडतं. संशोधकांचं आवडतं कँडिडा अंटार्क्टिका लायपेज बी मात्र या बाबतीत अपवाद आहे, त्याला असं म्हणण्यासारखं झाकण नाही. सीमेवर नेलं म्हणून ते खास जागं होत नाही. त्याच्या बाबतीत दिसणारी वाढ क्षेत्रफळाचीच समजा.

माझं मत विचाराल तर लायपेजवर पुरेसं झालं. तिथे मणी चालतात.

होमोजिनायझरमध्ये एन्झाइम मरत नाही का?

काही मरतात. मोठी, अनेक घटकांची एन्झाइम्स मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या होमोजिनायझरमध्ये (थेंब बारीक करणाऱ्या घुसळयंत्रात), विशेषतः हवेचा फेस झाला तर, पटकन उलगडतात. भांडं वरपर्यंत भरून हवा कमी ठेवा, बर्फात ठेवून अर्धा-अर्धा मिनिट चालवा. पावडर चांगली असेल तर हाताने जोरात हलवूनही काम भागतं. थेंब मोठे होतील एवढंच. फ्यूम्ड सिलिका तोलताना मास्क लावा, ती हवेत उडते.

एनएडीएच लागणाऱ्या रिअॅक्शन चालतील?

चालतील, आणि इथेच ही पद्धत शोभते. एनएडीएच (काही एन्झाइम्सना हायड्रोजन पुरवणारा मदतनीस रेणू, म्हणजे कोफॅक्टर) पाण्यातच राहतं, म्हणजे महागडा कोफॅक्टर थेंबात कोंडला गेला. त्याला पुन्हा ताजं करणारं एन्झाइमही त्याच थेंबात ठेवता येतं.

पण पीएचचं काय करणार? ग्लुकोज डिहायड्रोजनेजने कोफॅक्टर ताजा केला की प्रत्येक रेणूमागे एक ग्लुकोनिक आम्ल तयार होतं. साध्या रिअॅक्टरमध्ये पीएचचा प्रोब लावून अल्कली टाकत राहता येते. बंद थेंबांत ती टाकणार कशी? थेंबातल्या पाण्याच्या हिशोबात २०० मिलिमोलर माल बनवायचा असेल आणि बफर ५० मिलिमोलर असेल, तर एन्झाइम अर्ध्या वाटेवर आंबट पाण्यात मरतं. लोक म्हणतात, पिकरिंगमध्ये एन्झाइम टिकत नाही. बफर वाढवा, किंवा ग्लुकोजऐवजी आयसोप्रोपॅनॉलवर चालणारं डिहायड्रोजनेज घ्या. तिथे आम्लाऐवजी अॅसिटोन होतं. मात्र आयसोप्रोपॅनॉल जास्त झालं की सीमेचा ताण उतरतो आणि थेंब ढिले पडतात. दोन्हीकडून ओढाताण आहे, मधली जागा प्रयोगानेच सापडते.

सॉल्व्हंट कोणतं?

हेप्टेन. पाण्यात अगदीच कमी मिसळतं, एन्झाइमला कमी त्रास देतं, आणि औषधांतल्या उरलेल्या सॉल्व्हंटच्या नियमांत ते तिसऱ्या, म्हणजे सौम्य वर्गात आहे, ५,००० पीपीएमपर्यंत चालतं. हेक्झेन दुसऱ्या वर्गात, मर्यादा २९० पीपीएम. कागदावर दोन्ही सारखी दिसतात, फाइल भरताना नाही. टोल्यूइन मध्यम. इथाइल अॅसिटेट टाळा. ते पाण्यात बरंच उतरतं आणि एन्झाइमला उलगडतं.

इमल्शन पुन्हा वापरता येतं का?

हीच तर खरी कमाई. पाण्याचे थेंब हेप्टेनपेक्षा जड, म्हणून ढवळणं थांबवलं की खाली बसतात. वरचं स्वच्छ तेल, त्यात माल, नळीने काढून घ्या. नवीन तेल आणि कच्चा माल ओता, हलकेच ढवळा, पुढची फेरी सुरू. गाळणं नाही, वेगळं करणं नाही. दर फेरीत तेलाबरोबर थोडं पाणी विरघळून जातं, म्हणून तेल आधी पाण्याने तृप्त करून घ्या.

याच्या पुढची पायरी म्हणजे थेंब कॉलममध्ये भरून वरून तेल सोडत राहणं. चीनमधल्या शांशी विद्यापीठातल्या हेंगछुआन यांग यांच्या गटाने २०१६ मध्ये हे करून दाखवलं: थेंब जागेवर, तेल त्यांच्यातून झिरपत वाहतं. कॉफीच्या फिल्टरसारखं दिसतं ते. तेलाचा वेग मात्र फार वाढवता येत नाही, नाहीतर थेंब दाबाने चेपतात.

शेवटी इमल्शन फोडायचं कसं? ते तर फुटतच नाही.

सेंट्रिफ्यूज, किंवा थोडं इथेनॉल. शहाणी माणसं आधीच सोय करून ठेवतात: कणांवर अमाइन गट बसवतात, आम्ल घातलं की कण जलस्नेही होऊन सीमा सोडतात, अल्कली घातली की परत येतात. लोहचुंबकी कण असतील तर चुंबकाने ओढून घेता येतात. दोन्ही प्रकार छोट्या प्रमाणावर सुरेख चालतात. प्रत्येक फेरीत मीठ साठत जातं हे मात्र लेखांत बारीक अक्षरांत असतं.

आमच्या प्लांटमध्ये एक्स्ट्रॅक्शन करताना दोन थरांमध्ये घाणेरडा मधला थर येतो. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

अगदी हाच. बारीक गाळ, कार्बन, उलगडलेलं प्रथिन, धातूंचे हायड्रॉक्साइड सीमेवर जाऊन बसतात आणि नको असलेलं पिकरिंग इमल्शन तयार होतं. साबण नाही तरी फुटत नाही म्हणून लोक चक्रावतात. सीलाइटमधून (गाळायला वापरतात त्या बारीक मातीतून) गाळलं की कण जातात आणि थर लगेच सुटतात. कारखान्यात असताना मी अशा थरांना किती शिव्या घातल्या असतील! पुढे तेच जाणूनबुजून करायला पगार मिळू लागला.

मालात नॅनोकण राहिले तर?

हे गांभीर्याने घ्या. ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून १०० नॅनोमीटरचा सुटा कण सरळ निघून जातो. गुठळ्या अडतात, सुटे नाही. तेलात उरलेल्या सिलिकाचं प्रमाण तपासा. कलॉइडल सिलिका गोळ्यांमध्ये घालतात हे खरं, पण सायलेन लावलेली सिलिका म्हणजे तीच नव्हे.

कोळंबीच्या सालींपासून कायटोसान करतात, त्याचे कण चालतील?

चालतात, आणि सालींची आपल्याकडे कमी नाही. पण कायटोसान साधारण साडेसहाच्या खालच्या पीएचला विरघळू लागतं, म्हणजे एन्झाइमने थोडं आम्ल केलं की भिंतच वितळते. स्टार्च आणि सेल्युलोजचे कण जास्त स्थिर, मात्र त्यांनी सहसा तेलाचे थेंब पाण्यात होतात, आपल्याला हवे त्याच्या उलटे.

कोणते कंट्रोल (तुलनेचे) प्रयोग केल्याशिवाय निकाल मानू नये?

पावडर आहे पण एन्झाइम नाही. एन्झाइम आहे पण पावडर नाही, ढवळणं तेवढंच. उकळून मारलेलं एन्झाइम. आणि शक्य असेल तर त्याच वजनाचं बाजारातलं मण्यांवरचं एन्झाइम. शेवटचा कंट्रोल लोक गाळतात, कारण तो बहुधा जिंकतो. वेग नेहमी एन्झाइमच्या मिलिग्रॅममागे द्या. “दहा पट वाढ” कशाच्या तुलनेत ते सांगितलं नाही तर त्याला अर्थ नाही.

मोठ्या रिअॅक्टरमध्ये?

थेंबांचा आकार पावडर ठरवते, त्यामुळे वाटतं तेवढं भयंकर नाही. त्रास पंख्याजवळ होतो, तिथे थेंब चिरडले जातात, आणि तळाशी होतो, तिथे ते साचतात. हेप्टेनचा फ्लॅशपॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) शून्याखाली चार अंश आहे आणि कोरडी पावडर हेप्टेनमध्ये ओतताना स्थिर विद्युत साचते. भांड्याला अर्थिंग आणि वर नायट्रोजन, याशिवाय झाकण उघडू नका.

उद्याच काही करून बघायचं असेल तर?

झाकणाच्या काचेच्या बाटलीत दहा मिलि हेप्टेन, ०.१ ग्रॅम जलद्वेषी फ्यूम्ड सिलिका, आणि मेथिलीन ब्लूने निळं केलेलं पाच मिलि पाणी. झाकण घट्ट लावून मिनिटभर जोरात हलवा. निळे दाणे तळाशी बसले आणि वरचं तेल रंगहीन राहिलं तर जमलं. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. दुसऱ्या दिवशी निळ्या रंगाऐवजी बफरमध्ये लायपेज, आणि तेलात हेक्झॅनॉल व हेक्झॅनोइक आम्ल. फळासारखा वास काही तासांत येतो, पण नाकावर विसंबू नका, जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफीला) लावा.

हेप्टेन नसेल तर मुलं खोबरेल तेल घेऊ का विचारतात. घ्या, फक्त एसी बंद करा. चोवीस अंशांच्या खाली ते गोठतं, आणि मग बाटलीत थेंब नाहीत, निळे खडे अडकलेली वडी मिळते. शिवाय लायपेज खोबरेललाच खायला लागतं आणि लॉरिक आम्ल सुटतं. तो वेगळा प्रयोग आहे, वाईट नाही, पण तुम्ही ठरवलेला तो नव्हे.